पुढच्या एक्सलचा शोध

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जीपला चार चाकं असतात यात नवल नाही. पण खऱ्या जीपची चारही चाकं गाडी ओढतात, ही गोष्ट आमच्या भागातली एक अख्खी पिढी विसरून गेली. हर्सूल, सावंगी, चौका, फुलंब्री या रस्त्यावर ज्यांनी वर्षानुवर्षं जीपमधून, कधी मागच्या पायरीवर लटकून प्रवास केला, त्यांना विचारा. ते सांगतील, मागची चाकं ओढतात आणि पुढची नुसती वळायला असतात. त्यांचं काही चुकत नाही. त्यांनी पाहिलेल्या कितीतरी गाड्यांचा पुढचा ओढणारा एक्सल केव्हाच निघून भंगारात गेलेला होता.

हे का झालं, ते आधी सांगतो. सरकारी खात्यांच्या जुन्या जीपगाड्या लिलावात निघत. त्या घेणारे लोक आमच्यासारखे. त्यांना डोंगर चढायचे नव्हते, सवाऱ्या न्यायच्या होत्या. पुढच्या एक्सलच्या पोटात दातेरी चाकं, त्यांचं तेल, दोन्ही बाजूंना शाफ्ट, जॉइंट, बेअरिंग. गाडी मागच्या चाकांवर चालली तरी हा सगळा पसारा आत फुकट फिरत राहतो, आणि त्याला फिरवायला पेट्रोल लागतं. अमेरिकेत यावर एक सोपी तोड निघाली होती. 1948 मध्ये वॉर्न नावाची कंपनी निघाली, तिने असे हब विकायला काढले की ते हाताने फिरवून चाक शाफ्टपासून सुटं करता येई. पाहिजे तेव्हा जोडा, नको तेव्हा सोडा. आमच्याकडे कोणी हे हब पाहिले नाहीत. आमच्या मिस्त्रींनी त्याहून सोपी तोड काढली. एक्सलच काढून टाकला, खाली साधा सरळ दांडा बसवला आणि काढलेला माल किलोवर विकला.

आमच्या अब्बांनी 1979 साली अशीच एक जीप लिलावात घेतली. 1966 ची, पेट्रोलवर चालणारी, उंच बोनेटची. हिला सीजे-3बी म्हणतात. बोनेट उंच असण्याचं कारण तिचं हरिकेन इंजिन. त्याचा एक व्हॉल्व्ह वर आणि एक बाजूला असतो, त्यामुळे ते आधीच्या इंजिनापेक्षा उंच झालं आणि त्यावर झाकण घालायचं तर बोनेट वर न्यावं लागलं. दिसायला ही जीप थोडी बोजड आहे, तिच्या थोरल्या बहिणींइतकी देखणी नाही, हे मी आमची असूनही कबूल करतो. अमेरिकेत ती 1953 ते 1968 पर्यंत निघाली. आपल्याकडे महिंद्राने ती त्यानंतरही कितीतरी वर्षं, वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळी इंजिनं घालून काढली.

महिंद्रा हे नाव आलं म्हणून जाता जाता सांगतो. ही कंपनी 1945 मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद होतं. दोघे महिंद्रा बंधू, जे. सी. आणि के. सी., आणि तिसरे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि 1951 मध्ये गव्हर्नर जनरलही झाले. इकडे 1948 मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. मोहम्मद गेले, ‘एम’ राहिला. जीपच्या बोनेटवरची ती दोन अक्षरं लहानपणी मी बोटांनी गिरवत असे, तेव्हा हे मला माहीत नव्हतं.

अब्बांनी 1987 मध्ये पुढचा एक्सल विकला. त्या पैशांत मागचे दोन टायर आले, आणि उरलेल्यातून माझी बी.ए.ची फी गेली, असं माझे थोरले भाऊ अजून ऐकवतात. भाईजान स्वतः मिस्त्री आहेत. त्यांचं शिक्षण सातवीला थांबलं आणि माझं पुढे चाललं, याचा हिशेब आमच्या घरात त्या एक्सलच्या रूपाने शिल्लक आहे. अब्बा गेले. जीप नव्वदच्या दशकात थांबली आणि लिंबाच्या झाडाखाली उभी राहिली. भाईजानांनी ती विकू दिली नाही. आता सासष्टी ओलांडल्यावर, डाव्या डोळ्याने धूसर दिसायला लागल्यावर, एक दिवस ते म्हणाले, “छोटे, हात चालतायत तोवर ही गाडी पुरी करायची. पुरी म्हणजे पुरी.”

पुरी करायची, याला एक कायद्याची बाजूही आहे. 2021 मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा चारचाकी, जी मूळ रूपात राखलेली आहे, जिच्यात मोठे फेरफार झालेले नाहीत, तिला वेगळी नोंदणी मिळते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये. ती गाडी रोज फिरवायची नाही, धंद्याला लावायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला न्यायची. तिकडे 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं होतं की कंपनीने जशी गाडी बनवली आणि कागदावर जशी नोंदली, तिच्या त्या मूळ रचनेत मनाने बदल करता येणार नाही. तेव्हा मूळ रूपाचा आग्रह धरायचा, तर मूळ रूपात चार चाकांनी ओढणाऱ्या जीपखाली साधा दांडा ठेवून चालणार नव्हतं.

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. त्याने मोबाइलवर मंडी डबवालीचे व्हिडिओ दाखवले. हरियाणात सिरसा जिल्ह्यात, पंजाबच्या सीमेला लागून हे गाव आहे. तिथे जुन्या जीप नव्याने बांधून देण्याचा मोठा धंदा आहे. मोठी चाकं, उंच सस्पेन्शन, हवं ते इंजिन. भाचा म्हणाला, “मामू, तिकडून सगळी तयार मिळेल.” भाईजानांनी व्हिडिओ पाहिला, मान हलवली आणि म्हणाले, “छान आहे. पण ही अब्बांची नाही.”

मग आम्ही शोधाला लागलो. पण शोधायचं नेमकं काय, हे मला आधी शिकावं लागलं. मी आपला शब्दांचा माणूस. त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

पुढचा एक्सल हा जीपमधला सगळ्यात अवघड भाग आहे. मागचा सोपा, त्याला फक्त ओढायचं असतं. पुढच्याला ओढायचंही असतं आणि वळायचंही असतं. वाकलेल्या कोपरातून ताकद पलीकडे न्यायची. साधा क्रॉसचा जॉइंट असेल तर कोनात फिरताना तो एकसारखा फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. सरळ रस्त्याला कळत नाही, पण वळणावर स्टिअरिंग हातात झटके देतं. त्यावर निरनिराळ्या लोकांनी निरनिराळे उपाय काढले. फ्रान्समध्ये ट्रॅक्टा नावाचा जॉइंट निघाला, अमेरिकेत झेपाचा आणि बेंडिक्सचा. शेवटच्या दोघांत पोलादी गोळ्या असतात, त्या खाचांतून सरकत सरकत फेरा सारखा ठेवतात. युद्धकाळातल्या जीपमध्ये हे सगळेच प्रकार वापरले गेले, कारण लाखांनी गाड्या हव्या होत्या आणि एकट्या कारखान्याच्याने पुरवठा होत नव्हता. साडेसहा लाखांच्या आसपास जीप त्या युद्धात निघाल्या.

त्याआधीची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. 1940 च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्कराने हलक्या गाडीचा नमुना मागितला, तो एकोणपन्नास दिवसांत द्यायचा होता. बँटम नावाच्या लहानशा कंपनीने तो 23 सप्टेंबरला लष्कराच्या तळावर नेऊन पोचवला. गाडीचा बाकी सांगाडा त्यांनी कसाही जमवला असता. घोडं अडलं ते पुढच्या एक्सलवर. तो काही कोणी आठवड्यात घडवू शकत नाही. शेवटी स्पायसर या कंपनीने स्टुडबेकर चँपियन या साध्या मोटारीचा एक्सल घेऊन तो जीपच्या मापाला बेतला. बँटम, विलीज आणि फोर्ड या तिघांच्याही गाड्यांखाली स्पायसरचेच एक्सल आले. म्हणजे जगातली पहिली जीप बांधणाऱ्यालासुद्धा पुढचा एक्सल दुसऱ्या गाडीचाच शोधावा लागला होता. भाईजानांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्या वाचनावर खूश झाले.

आता पारख. भाईजानांनी मला चार गोष्टी सांगितल्या. पहिली, डिफरन्शियलचा गोल डबा मध्यावर नको, उजव्या बाजूला हवा. जीपचा ट्रान्स्फर केस शाफ्टला उजवीकडून बाहेर काढतो, म्हणून पुढचा आणि मागचा दोन्ही डबे त्याच बाजूला असतात. दुसरी, चाकाला पाच बोल्ट. तिसरी, टोकाला जो मोठा गोळा असतो, ज्याच्यावर चाक वळतं, तो आतून गंजून खड्डे पडलेला नको. त्याच्यावर नमद्याचं सील बसतं. गोळ्याला खड्डे असतील तर नमदा आठवड्यात फाटतो आणि सगळं ग्रीस टायरवर येतं. किंगपिनच्या जागी तडा असेल तर हातही लावायचा नाही. तो तडा घाटात सुटतो आणि चाक गाडीला सोडून निघून जातं.

चौथी गोष्ट दात्यांची. मागच्या एक्सलमध्ये मोठ्या चक्राला जितके दाते आणि लहान पिनियनला जितके, तेच प्रमाण पुढच्यात हवं. आमच्या जीपला त्रेचाळीस आणि आठ, म्हणजे 5.38. युद्धातल्या जीपला एकोणचाळीस आणि आठ होतं, म्हणजे 4.88. बाहेरून दोन्ही एक्सल भावाभावांसारखे दिसतात. चुकीचा बसवला तर पुढची चाकं एका वेगाने ओढू पाहतात आणि मागची दुसऱ्या. मातीत चाक थोडं घसरून निभावतं. पक्क्या रस्त्यावर मात्र ताण आतल्या आत पिळत जातो आणि कुठेतरी काहीतरी तुटतं. हे मला लगेच उमगलं. शेराच्या दोन ओळी वेगवेगळ्या वजनात असल्या की अर्थ कितीही चांगला असो, शेर तुटतो.

न उघडता दाते मोजायची त्यांची रीत मला फार आवडली. एक चाक कोणीतरी धरून ठेवायचं. दुसऱ्याला पुरते दोन फेरे द्यायचे. पिनियनच्या तोंडावर खडूची खूण करून ती किती वेळा फिरते ते पाहायचं. पाच फेरे होऊन वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त झालं, तर त्रेचाळीस-आठ. पाचाला थोडं कमी पडलं, तर एकोणचाळीस-आठ.

एवढी विद्या घेऊन मी हिंडलो. शहरातल्या, म्हणजे छत्रपती संभाजीनगरातल्या भंगारवाल्यांकडे आता जीप उरलेली नाही. सगळा माल नव्या गाड्यांचा. मुंबईत कवितेच्या कार्यक्रमाला गेलो की दुसऱ्या दिवशी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चक्कर ठरलेली. तिथे एकाने जोंगाचा एक्सल काढून दाखवला. जोंगा ही जबलपूरच्या लष्करी कारखान्यात बनलेली निसानची गाडी, जवळजवळ चार लिटरचं इंजिन. तिचा एक्सल आमच्या जीपखाली म्हणजे थोरल्याचा कुर्ता धाकट्याला. दुसऱ्या एका दुकानदाराने फोनवर ‘एकदम ओरिजिनल’ सांगून मला बोलावलं. गेलो, खडूची खूण केली, फेरे मोजले. पाचाला कमी. तो म्हणाला, “साहेब, एवढं कोण बघतं?” मी त्याला सांगितलं, फुलंब्रीला एक जण बघतो. सरकारी लिलावाचाही विचार केला. एमएसटीसीमार्फत आता ते ऑनलाइन होतात, पण तिथे माल ढिगाने घ्यावा लागतो. एका एक्सलसाठी ढीग कोण घेईल?

दोन वर्षं गेली. भाईजानांच्या उजव्या डोळ्यातही मोतीबिंदू उतरायला लागला. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख विचारली, तर म्हणाले, “आधी एक्सल.” यावर आमच्या वहिनी जे बोलल्या ते आकाशवाणीवरून सांगण्यासारखं नाही.

पत्ता लागला तो एका पंक्चरवाल्यामुळे. 2024 च्या उन्हाळ्यात, आमच्या तालुक्यात गावोगाव पाण्याचे टँकर धावत होते तेव्हा, चहाच्या टपरीवर तो वैतागून सांगत होता. कोणा शेतकऱ्याची बैलाने ओढायची पाण्याची टाकी, तिचं डावं चाक काढायला गेला तर नट सुटेना. पाईप लावून जोर दिला, दोन बोल्ट तुटले. उजव्या चाकाचे मात्र मुकाट सुटले. मी हे घरी येऊन गंमत म्हणून सांगितलं. भाईजान खाटेवरून उठून बसले. जुन्या जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात! चाक पुढे फिरताना नट सैल होऊ नये म्हणून तशी योजना. ज्याला माहीत नाही तो सोडवायला जातो आणि आवळत बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या वस्तीवर. गावाचं आणि शेतकऱ्याचं नाव सांगत नाही, त्यांनी नको म्हटलंय. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. टाकीखाली वाकून पाहिलं. डबा उजवीकडे, पाच बोल्ट. वळणारी चाकं वळू नयेत म्हणून जोडदांड्याला लोखंडी पट्टी लावून ती एक्सलला आवळली होती. माझा जीव भांड्यात पडला तो इथे, कारण असा एक्सल गाड्याखाली घालताना बहुतेक जण ते मोठे गोळे सरळ वेल्डिंगने जाम करतात, आणि मग तो कायमचा जातो. इथे वेल्डिंग नव्हतं. ज्याने कोणी ते केलं, त्याला या वस्तूची कदर असावी. शाफ्ट मात्र काढून टाकलेले. हबच्या भोकांवर डालड्याच्या डब्याचा पत्रा ठोकलेला.

भाईजानांनी डोळे मिटून गोळ्यावरून बोटं फिरवली. मग किंगपिनजवळ नखाने ओरखडून पाहिलं. बराच वेळ गेला. म्हणाले, “चांगला आहे.”

अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मिस्त्री, तुम्हाला गाडी हौसेला लागते. माझी दोनशे मोसंबी या टाकीवर हाये. एक दिवसाआड पाणी घालतो तवा पानं राहिलीत. तुम्ही हे चाकं नेले तर झाडं काय तुमच्या जीपमदी बसवू?”

यावर काय बोलायचं? मोसंबीचं झाड वाळलं की तोडून पुन्हा लावायचं आणि फळाची पाच-सात वर्षं वाट पाहायची. 2012 च्या दुष्काळात या भागात लोकांनी बागा जेसीबीने उपटताना आम्ही पाहिल्या होत्या. भाच्याने फोनवरून दुप्पट भाव द्यायला सांगितलं. भाईजान म्हणाले, पैशांनी टाकी चालत नाही. मी पाऊस पडेपर्यंत थांबायचं सुचवलं. त्यावर त्यांनी स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवलं आणि काही बोलले नाहीत.

शेवटी अण्णांनीच विचारलं, “तुमच्या जीपखाली आत्ता काय हाये?”

तोच तर साधा दांडा होता, 1987 मध्ये अब्बांनी बसवलेला. सरळ, मजबूत, पोटात काही नसलेला. टाकीला खरं तर हाच हवा, ओढायला हलका. सौदा असा ठरला: दांडा त्यांना, एक्सल आम्हाला, दोन्ही टायर आमच्याकडून, आणि काम संध्याकाळच्या खेपेनंतर सुरू करून पहाटेच्या खेपेआधी संपवायचं. एक खेप चुकली तर तेवढं पाणी आम्ही टँकरने घालायचं. हे शेवटचं कलम अण्णांनी दोनदा म्हणून घेतलं.

त्या रात्री जीप आमच्या अंगणात दगडांवर चढली. दांडा पिकअपमधून वस्तीवर गेला. भाईजान, त्यांचा एक जुना शागीर्द, अण्णांचा मुलगा आणि मी. माझं काम बॅटरी धरायचं. टाकी आधी रिकामी करावी लागली, तर त्यातलं उरलेलं पाणीही अण्णांनी बादलीबादलीने जवळच्या झाडांना घातलं, एक थेंब जमिनीवर सांडू दिला नाही. जुने यू-बोल्ट गंजून एकजीव झाले होते, त्यांनीच दोन तास खाल्ले. दांड्याची चाकं वळू नयेत म्हणून तीच जुनी पट्टी पुन्हा कामाला आली. पावणेपाचला बैल जुंपले. अण्णा टाकीच्या मागोमाग बांधापर्यंत चालत गेले, एकदा वाकून खाली पाहिलं आणि हात वर केला.

घरी आणून एक्सल उघडला. आत तेल सुकून काळ्या खापरीसारखं झालेलं. रॉकेलने धुतल्यावर मोठ्या चक्रावर कोरलेले आकडे दिसू लागले. भाईजानांना ते वाचता येईनात. त्यांनी माझं बोट धरून आकड्यावर ठेवलं. “वाच.” त्रेचाळीस, आठ. डाव्या किंगपिनची बेअरिंगं गेली होती, ती नवी घातली. शाफ्ट आणि जॉइंट कुर्ल्याहून आणले, गोळ्यांचेच. नमदा मी आणला, कापला त्यांनी.

ऑपरेशन दिवाळीनंतर झालं, उजव्या डोळ्याचं आधी. एक्सल आता जीपखाली आहे. नोंदणीचे कागद तयार करायला भाचा लागला आहे. अडलंय ते दोन बोल्टांवर, पंक्चरवाल्याने तोडले ते. उलट्या आट्याचे बोल्ट आणि नट बाजारात मिळत नाहीत. लेथवाला म्हणाला, सगळे सरळ आट्याचे करून टाकतो, तासाभरात होईल. भाईजान ऐकत नाहीत. पाचपैकी तीन बोल्टांवर गाडी त्यांनी अंगणातून फाटकापर्यंत नेली आणि परत आणली, त्यापुढे नाही. त्या पंक्चरवाल्याला सांगून ठेवलं आहे, कुठलं डावं चाक मुकाट सुटलं नाही तर जोर देऊ नको, आधी आम्हाला फोन कर.